दोनदा 'झाला'

"मोठ्याने वाच, रत्नमाला. देव तुला काय देतोय ते मागच्या बाकांनाही कळू दे," मार्थामावशी म्हणाल्या.

नव्या वर्षाची पहिली उपासना संपत आली होती. राहुरीच्या आमच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती लोकही देऊळच म्हणतो) त्या दिवशी वचनाच्या चिठ्ठ्या काढायची पद्धत होती. दान गोळा करायच्या पितळी ताटात घडी घातलेल्या चिठ्ठ्या ठेवत आणि प्रत्येकाने एक उचलायची. चिठ्ठीवर वचन लिहिलेलं नसे, शास्त्रात, म्हणजे बायबलात, ते कुठे आहे तेवढं असे. पुस्तक, अध्याय आणि ओवी. जात्यावरची ओवी नव्हे. शास्त्रातल्या एकेका वाक्याला आमच्यात ओवी म्हणतात. चिठ्ठ्या लिहीत बोर्डेकाका. ते मंडळीचे जुने डीकन, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे सेवक, आणि निवृत्त शिक्षक, त्यामुळे आयतं उत्तर हातात देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ज्याने त्याने आपलं वचन शोधायचं, उभं राहून वाचायचं, आणि ते देवाने वर्षभरासाठी आपल्याला दिलं असं मानायचं.

माझ्या नवऱ्याला, दयानंदला, धीर धरण्याविषयीचं वचन निघालं होतं. ते वीज मंडळात वायरमन होते. खांबावर चढणाऱ्या माणसाला ते बरोबर लागू पडलं. सगळे "वा" म्हणाले. मग माझी पाळी आली.

मला माझं पान सापडेचना. मी दहावीपर्यंत शिकले होते, पण दहावीनंतर वाचलं ते वाणसामानाच्या पुड्यांचे कागद. शास्त्र लग्नात मिळालं होतं, ते कपाटात रुमालात बांधलेलं असायचं आणि रविवारी देवळात फिरून यायचं. शेवटी शेजारच्या बाईने पान काढून दिलं. जुन्या करारात एके ठिकाणी पानंच्या पानं नुसती नावं आहेत, तिथलं ते होतं. मी उभी राहून वाचलं. अमक्याला तमका झाला, आणि तमक्याला फलाणा झाला. संपलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात मार्थामावशी उठल्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत उभा जन्म काढलेल्या नर्स. त्यांना प्रत्येक गोष्टीत कळाच दिसायच्या.

"नीट ऐकलंत का? दोनदा 'झाला' आहे," त्या म्हणाल्या. "जुळे होणार."

माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. म्हणून सगळ्या देवळाने एकदम मान डोलावली. माझ्या सासूबाई पहिल्या बाकावर होत्या. सगुणाबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मागे वळून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी नजर चुकवली.

कारण जे मंडळीला माहीत नव्हतं ते मला आणि ह्यांना माहीत होतं. पाच-सहा महिन्यांपूर्वी आम्ही नगरला जाऊन दोघांच्याही तपासण्या करून घेतल्या होत्या, आणि आम्हाला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. परत येताना एस.टी.त हे म्हणाले, "आईला इतक्यात नको सांगू." मी मान हलवली. सांगायचं कसं, हे मलाही कळत नव्हतं. आत्याबाई मला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, पण त्यांचा सगळा चांगुलपणा त्या न झालेल्या नातवाच्या नावावर जमा होतो आहे, असं मला वाटे. तो येणार नाही म्हटल्यावर माझं त्या घरात काय राहील, याची मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आत्याबाई पाटावर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काढ शास्त्र. वाच."

"काय वाचू?"

"तुझी ओवी. रोज वाचायची. औषध म्हंजे येकदा घेऊन भागतं व्हय?"

मी वाचली. त्या "आमेन" म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे कामावर निघताना सायकलला टांग मारता मारता विचारायचे, "गोळी घेतली का?" मला हसू यायचं आणि रागही. बाहेर तर कहरच होता. मार्थामावशींनी दोन टोपडी विणायला घेतली होती. एक निळं आणि एक पांढरं, कारण दोन्ही मुलगेच हे शास्त्रावरून ठरलेलंच होतं. मंडळात दोघांच्या नावांवरून वादही होऊन गेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते मी जवळून पाहत होते, आणि तुरी माझ्याच नावाच्या होत्या.

रोज तीच ओवी वाचून मला कंटाळा आला, हे मी कबूल करते. भक्ती वगैरे काही नव्हती. तीच तीन माणसं, तेच दोन 'झाला'. एका सकाळी मी थांबलेच नाही, पुढची ओवीही वाचून टाकली.

आत्याबाईंनी एक डोळा उघडला. "हे कोण?"

"त्याच घराण्यातले. पुढची पिढी."

"म्हंजे त्या तिसऱ्याचा नातू का हा?"

मी बोटाने मागे जाऊन पाहिलं. "हो."

"मंग असं सांग की. वाच पुढं."

इथे आत्याबाईंविषयी सांगायला हवं. राहुरीपासून नेवाशापर्यंतच्या आमच्या लोकांत कोण कुणाचा कोण लागतो, हे त्यांना तीन पिढ्या मागपर्यंत तोंडपाठ होतं. लग्न ठरवताना लोक आधी पाळकसाहेबांकडे न जाता आत्याबाईंकडे येत. ज्या पानांवर भलेभले भाविक पेंगतात, ती नावांची पानं त्यांना एखाद्या मोठ्या लग्नघरासारखी वाटू लागली. नावं अवघड होती, माझी जीभ अडखळे. मग आम्ही त्यांना आमची नावं दिली. एक खोकल्यासारखं नाव होतं, त्याला आम्ही 'ढासवाला' म्हणू लागलो. एकाची दोन लग्नं झालेली, तो 'दोनघऱ्या'.

"ढासवाल्याचा थोरला का धाकटा हा?" त्या विचारत.

"मधला."

"आन् ह्याची आई कोण?"

"आईचं नाव नाही दिलेलं."

"का? बाळंतपणं काय बाप्यांनी केली?"

एखाद्या ओवीत बाईचं नाव आलं की आत्याबाई मला ते दोनदा वाचायला लावायच्या आणि समाधानाने बशीत चहा ओतायच्या. हळूहळू असं झालं की सकाळी चूल पेटवतानाच मला वाटायचं, आज कोण भेटणार. काल ज्याला दोन मुलगे झाले त्याचं पुढे काय झालं असेल. कंटाळ्याच्या वाटेने मी वाचणारी झाले. त्या वेळी मला ते कळलं नव्हतं.

फेब्रुवारी उजाडला. महिन्याच्या अखेरीला महिला रविवार होता. त्या दिवशी सगळी उपासना बायका चालवतात, आणि मला मिळालेल्या वचनावर माझी साक्ष मार्थामावशींनी परस्पर लावून टाकली होती. देव काय देणार आहे, हे मी देवळात पुढे उभं राहून सांगायचं होतं. देवळात उभं राहून खोटं बोलायचं की घरात खरं बोलायचं, याचा निर्णय मला तोपर्यंत घ्यायचा होता, आणि मी तो रोज उद्यावर ढकलत होते.

अशातच एका सकाळी मी वाचत होते. एका माणसाला दोन मुलगे झाले. त्यानंतरची ओळ माझ्या डोळ्यांना तोंडाच्या आधी दिसली. मी ती सोडली आणि पुढचं वाचलं. धाकट्याला मुलगा झाला, त्या मुलाला मुलगा झाला.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "दोन भाऊ व्हते ना? धाकट्याचं कळलं. थोरल्याचं काय झालं?"

"त्याचं काही दिलेलं नाही."

"असं कसं? आत्तापातुर ह्यांनी एकाला तरी सोडलंय का? वळ चुकली आसंल. नीट बघ."

मी पानाकडे पाहत राहिले. दुसऱ्या कुणाही बाईच्या हे ध्यानात आलं नसतं. पण माझी गाठ नात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईशी पडली होती.

"रत्ना."

मी वाचलं. थोरला मूलबाळ न होता मेला.

आत्याबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. चुलीवर दूध वर येत होतं, ते मी उतरवलं. तेवढाच वेळ मिळाला.

"हे तू गाळलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाईट वाटंल म्हनून?"

"हो. आणि…"

"आनि काय?"

"नगरच्या डॉक्टरांनी आम्हालाही हेच सांगितलंय, आत्याबाई. आम्हाला मूल होणार नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग विचारलं, "कधी सांगितलं?"

"गेल्या पावसाळ्यात."

"दयाला ठावं हाय?"

"हो. ते बरोबर होते."

"म्हंजे घरात मलाच तेवढं ठावं नव्हतं. आन् मी रोज डोळे मिटून बसत व्हते." त्या उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. त्या दिवशी त्यांनी अंगणातली सगळी तूर एकटीनेच झोडपली. मी मदतीला गेले तर हातानेच नको म्हणून खूण केली. संध्याकाळी हे आले, मी सांगितलं, आणि तेही आईसमोर अपराध्यासारखे बसून राहिले. आत्याबाई दोघांनाही भाकरी वाढून निजायला गेल्या. मला वाटलं, संपलं. आठ वर्षांत त्या बाईशी माझं जे काही जुळलं होतं, ते एका ओळीने तोडलं असं मला वाटलं, आणि मी खूप रडले.

सकाळी मी शास्त्र काढलंच नाही. चहा ठेवला. आत्याबाई आल्या, पाटावर बसल्या, डोळे मिटले.

"वाच."

"आता कशाला, आत्याबाई?"

"कशाला म्हंजे? थोरला मेला, कळलं. धाकट्याच्या नातवाचं पुढं काय झालं?" मी शास्त्र आणून पान काढलं, तशा त्या म्हणाल्या, "आन् आधी ती कालची वळ वाच. तू गाळलेली."

मी वाचली, त्याच्या नावासकट. ते नाव मी इथे सांगणार नाही. ज्याला हवं असेल त्याने शास्त्र उघडून शोधावं, मला कुणी आयतं दिलं नव्हतं.

"ह्याच्या मागं नाव लावायला कुनी नव्हतं," आत्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ह्याचं नाव कुनाच्या कामाचं नव्हतं. लिवणाऱ्यानं गाळलं आसतं तर कुनाला कळलं आसतं?"

"कुणालाच नाही."

"पर देवानं गाळू दिलं नाय." त्यांनी बशीत चहा ओतला. "हं. वाच पुढं."

मी वाचू लागले. हे दारातून डोकावले आणि सवयीने विचारून बसले, "गोळी घेतली का?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

"औषध बंद केलंय," आत्याबाई म्हणाल्या. "आता भाकरीवानी रोजचं म्हनून वाचतो आमी. तू जा कामावर."

महिला रविवारच्या आदल्या दिवशी बोर्डेकाका घरी आले. काठी दाराला टेकवून बसले, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले आणि मग घेतला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते राजकारणापासून पाण्याच्या पाळीपर्यंत सगळं बोलून झालं तरी निघेना.

"सगुणाबाई, माफी मागायला आलोय," शेवटी ते म्हणाले. "चिठ्ठ्या लिहिताना माझ्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. सूनबाईंच्या चिठ्ठीवर मला एकोणतिसावा अध्याय लिहायचा होता. देवाच्या थोरवीचं फार सुंदर वचन आहे तिथे. काल माझं टिपण पाहिलं तेव्हा कळलं. दोन लिहिला आणि पुढचा नऊ राहून गेला."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. जानेवारीपासूनचा सगळा खेळ, जुळे, टोपडी, सकाळची गोळी, हे सगळं एका राहिलेल्या नवावर उभं होतं. मला हसावं की काका म्हातारे आहेत म्हणून गप्प बसावं, कळेना.

"तुमचा एकट्याचाच नाय राहिला, काका," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरातबी नऊ म्हैन्यांचा तेवढा नऊच राहिला." आणि त्या हसल्या. ते हसणं थोड्या वेळाने माझ्यापर्यंत पोचलं, आणि पोचल्यावर मला आवरेना. बोर्डेकाका बिचारे दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिले.

"मी बरोबर चिठ्ठी लिहून आणलीय," त्यांनी खिशातून कागद काढला. "उद्या साक्षीला हे वचन घ्यावं सूनबाईंनी. ते चुकीचं सोडून द्यावं."

"चूक तुमची व्हती. वाचलंय आमी," आत्याबाई म्हणाल्या. "एकोणतिसाव्याला बी जाऊ की. मधली मानसं वलांडून कसं जायचं?"

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं होतं. मार्थामावशींनी पुढे उभं राहून सांगितलं की, आता रत्नमाला दयानंद चक्रनारायण आपलं वचन वाचेल आणि देवाने तिला काय कबूल केलंय ते सांगेल. त्यांच्या पिशवीतून निळ्या लोकरीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं.

मी पुढे गेले. मी तो अध्याय काढला, पण दोन 'झाला' असलेली ओवी वाचली नाही. थोरल्याची वाचली. नाव नीट उच्चारलं, कारण आता त्याची सवय झाली होती. मग शास्त्र मिटलं.

"डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय, आम्हाला मूल होणार नाही," मी म्हणाले. "हे मला आधीपासून माहीत होतं. देवाने मला जुळं कबूल केलेलं नाही. मी रोज वाचत गेले, तेव्हा मला हा माणूस भेटला. त्याला मूल नव्हतं, तरी त्याचं नाव तिथे आहे. मला माझ्यासाठी तेवढं पुरतं. एवढीच माझी साक्ष."

मला वाटतं, रडायचं की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. मार्थामावशी घाईघाईने उठल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या; फक्त एखादी बाई मोकळ्या हाताने परत चालली आहे, हे त्यांना जन्मभर बघवलं नव्हतं.

"आपण सगळ्यांनी रत्नमालासाठी प्रार्थना करू," त्या म्हणाल्या. "डॉक्टर काहीही म्हणोत. देवाने चमत्कार करावा, तिची कूस उघडावी, तिच्या सासूचे डोळे मिटायच्या आत…"

"मार्था, तू बस," पहिल्या बाकावरून आवाज आला. "प्रार्थना मी करते."

आत्याबाई उभ्या राहिल्या. देवळात त्या कधी मोठ्याने प्रार्थना करत नसत. घरी रोज रात्री दिवा मालवण्याआधी करत, आणि आठ वर्षं मी अंधारात ती ऐकत होते. तिच्यात नातवाचं मागणं असायचंच. मी डोळे मिटले आणि तेच ऐकायची तयारी केली.

"हे आमच्या बापा," आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या घरात माझा पोरगा हाय, माझी सून हाय आनि मी हाय. ही तिन्ही मानसं तू दिलीस. मी आठ वर्सं तुला सांगत व्हते, घर रिकामं हाय म्हनून. मला मोजता येत नव्हतं, बापा. घर भरलेलं हाय. आता मला काय मागायचं नाय. आमेन."

आमेन म्हणायला मंडळीला जरा वेळ लागला. पण मग सगळे म्हणाले, मार्थामावशीसुद्धा. हे पुरुषांच्या बाकांवर खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी येऊन आत्याबाईंच्या शेजारी बसले. माझे डोळे थांबत नव्हते. त्यांनी समोर पाहत पाहतच माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला, पेटी सुरू झाली, लोक उभे राहू लागले, तेवढ्या गडबडीत त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"उद्या पुढचं घराणं काढ," त्या म्हणाल्या. "ह्या लोकांचा आता लई वीट आला."